चिठ्ठीवर सही कुणाची?

महाराष्ट्रात एक वाद दर काही वर्षांनी पेटतो. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट मोकळी केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०२५ मध्ये त्यांची वैद्यक परिषदेत नोंदणी करण्याचा विषय पुन्हा वर आला आणि डॉक्टर संपावर गेले. त्याआधी २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ वरून देशभर संप झाला होता. डॉक्टर नसलेल्या एका नव्या वर्गाला प्राथमिक उपचारांपुरती ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहू देण्याची तरतूद त्या कलमात होती. इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. औषध कुणी लिहायचं या भांडणात डॉक्टर आहेत, वैद्य आहेत, होमिओपॅथ आहेत. उपकेंद्रातली सिस्टर कुठेच नाही. कोकणातल्या वाड्यांवर पहिलं औषध मात्र बहुतेक वेळा तिच्याच हातून जातं.

ती काय काय देते ते आधी पाहू. केंद्र सरकारने २०१० मध्ये एएनएम (उपकेंद्रातली सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि स्टाफ नर्ससाठी बाळंतपणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरं मूल नाही हे हाताने चाचपून, रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन स्नायूत द्यायचं. ऑक्सिटोसिन नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने. गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला झटके आले तर मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवणारं औषध) पहिला डोस १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल स्नायूत, आणि मग गाडी. २०१४ मध्ये यात भर पडली. २४ ते ३४ आठवड्यांतच कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचं. जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला घरचे रुग्णालयात नेत नसतील तर जेंटामायसिन हे अँटिबायोटिक द्यायचं. ब्रिटनमधल्या मिडवाइफला डॉक्टरला न विचारता जी औषधं देता येतात, त्यांच्या यादीत मॅगसल्फ नाही. म्हणजे या एका औषधापुरती रत्नागिरीच्या एएनएमला लंडनच्या मिडवाइफपेक्षा जास्त मोकळीक आहे.

आता हे प्रत्यक्षात कुठे फसतं ते बघा. मॅगसल्फचं ५० टक्क्यांचं दोन मिलिलिटरचं अँप्युल म्हणजे एक ग्रॅम. पूर्ण डोसासाठी दहा अँप्युलं फोडावी लागतात. दहा अँप्युलांचा ढीग समोर दिसला की हात कचरतो. पाचच दिली जातात, एकाच बाजूला, आणि गाडी सुटते. अर्ध्या डोसाने रक्तातली पातळी पुरेशी चढत नाही आणि घाटात पुन्हा झटका येतो. दुसरी चूक याच्या बरोबर उलट आहे. डोस पूर्ण दिलेला असतो, पण रेफरच्या चिठ्ठीवर तो लिहिलेला नसतो. दोडामार्गातून गोव्यातल्या बांबोळीला किंवा राजापुरातून रत्नागिरीला पोचलेल्या बाईला तिथे पहिला डोस समजून पुन्हा पूर्ण डोस दिला जातो. औषध जास्त झालं की आधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिलिलिटर, शिरेतून सावकाश. तो जवळ असायला हवा आणि आधी काय दिलंय हे ठाऊक असायला हवं. म्हणून चिठ्ठीवर किती ग्रॅम, किती वाजता, मिनिटाला श्वास किती (१६ च्या खाली नको), गुडघ्याची प्रतिक्रिया आहे का आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते आहे का, एवढं हवंच. आणि त्याखाली देणारीचं नाव.

हे नावच येत नाही. आपल्याकडची पद्धत अशी: सिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) फोन लावते, ते ‘दे’ म्हणतात, ती देते, आणि रजिस्टरमध्ये सही नंतर कधीतरी होते. पावसाळ्यात रेंज गेली की ती मनानेच देते आणि फोन झाला होता असं गृहीत धरलं जातं. सगळं नीट पार पडलं तर कुणी विचारत नाही. बाई दगावली, तर त्या फोनचा पुरावा नसतो. डॉक्टर म्हणतात मी असं सांगितलं नव्हतं, सिस्टर म्हणते तुम्हीच सांगितलंत.

कायदाही याच धुक्यात आहे. औषधविक्रीच्या नियमांतल्या ‘शेड्यूल एच’मधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. त्याच नियमांच्या ‘शेड्यूल के’मध्ये मात्र सरकारी आरोग्य कार्यक्रमातली औषधं वाटणाऱ्या परिचारिका, एएनएम, बहुउद्देशीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविकांना विक्री परवान्यातून सूट आहे. कार्यक्रमाचं औषध हातात द्यायला तिला कुणी अडवत नाही, पण उपकेंद्राच्या कपाटात ते संपलं असेल तर नाक्यावरच्या मेडिकलसाठी चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार तिला नाही. मेडिकलवाला तेच औषध चिठ्ठी न मागता देतो, हा भाग वेगळा.

ब्रिटनमध्ये गोष्ट सुरू झाली ती मलमपट्टीपासून. घरोघर फिरणाऱ्या नर्सेस पायाच्या जखमा बांधत, कोणती पट्टी लागेल हे त्यांनाच कळे, आणि तरी डॉक्टरच्या सहीसाठी दवाखान्यात हेलपाटा घालावा लागे. सही करणाऱ्याने जखम पाहिलेली नसे. १९८६ च्या एका सरकारी अहवालाने हा वेडेपणा दाखवून दिला, १९९२ मध्ये कायदा झाला, १९९४ मध्ये मोजक्या ठिकाणी प्रयोग सुरू झाले आणि १९९८ पासून ते देशभर पसरले. पहिली यादी अगदी किरकोळ होती: पट्ट्या, कॅथेटरचं सामान, त्वचेला लावायची मलमं, पोट साफ होण्याची औषधं, पॅरासिटामॉल, खरजेचं आणि जंताचं औषध. २००६ मध्ये पात्र नर्सला आपल्या कुवतीच्या क्षेत्रात जवळपास कोणतंही औषध लिहायची परवानगी मिळाली. त्या वेळी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला होता, आणि मुद्दे मुंबईतल्या संपात ऐकू येतात तेच होते: निदान करायचं शिक्षण नाही, रुग्णाला धोका आहे. आज तिथे ५० हजारांहून अधिक नर्सेस औषधं लिहितात. पहिल्या अहवालापासून २००६ पर्यंत वीस वर्षं गेली. कोकणात ‘ब्रिटनसारखं करा’ म्हणणारे बहुतेक जण शेवटची पायरी दाखवतात. आपल्या उपयोगाच्या आहेत त्या १९९४ च्या आसपासच्या पायऱ्या.

अभ्यासक्रम कसा असतो तेही सांगायला हवं, कारण इथेच आपल्याकडची चर्चा हवेत जाते. नोंदणीनंतर किमान एक वर्ष काम केलेली नर्स (२०१८ पर्यंत ही अट तीन वर्षांची होती) साधारण सहा महिन्यांचा कोर्स करते: वर्गातले सुमारे २६ दिवस आणि अनुभवी प्रिस्क्रायबरच्या (औषध लिहिण्याचा अधिकार असलेल्याच्या) देखरेखीखालचे साधारण १२ दिवस. औषधशास्त्राच्या परीक्षेत ८० टक्के लागतात. डोसाच्या गणिताच्या परीक्षेत १०० टक्के. त्यात ९५ मिळाले तरी नापास. यात दुष्टपणा काही नाही, दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दसपट होतो. मग तिच्या नोंदणीवर शेरा पडतो, प्रत्येक चिठ्ठीवर तिचा क्रमांक छापला जातो आणि कुणी किती अँटिबायोटिक लिहिलं हे आकडेवारीत दिसतं. पलीकडे फार्मासिस्ट बसलेला असतो. डोस चुकीचा वाटला तर तो औषध देत नाही, फोन करतो. या साखळीतली फार्मासिस्टची कडी आपल्याकडे जवळजवळ नाही, आणि माझ्या मते डॉक्टरांच्या विरोधापेक्षा ही अडचण मोठी आहे.

मिडवाइफची व्यवस्था तिथेही वेगळी आहे. बहुतेक मिडवाइफ ‘प्रिस्क्रायबर’ नसतातच. कायद्याच्या परिशिष्टात औषधांची नावं दिलेली आहेत (ऑक्सिटोसिन, एर्गोमेट्रिन, कार्बोप्रोस्ट, लिडोकेन, पेथिडिन, मॉर्फिन, नालोक्सोन, बाळासाठी व्हिटॅमिन के, अँटी-डी वगैरे) आणि ती आपल्या कामापुरती तिने स्वतःहून द्यायची. त्याशिवाय नर्सेससाठी ‘पेशंट ग्रुप डायरेक्शन’ नावाचा प्रकार आहे. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि संस्था मिळून एका औषधासाठी एक कागद बनवतात: कुणाला द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, किती, कितीदा, काय नोंदवायचं, पुन्हा तपासणी कधी. शेवटी ते देणाऱ्या प्रत्येक नर्सचं नाव आणि सही. नर्सने ते स्वतःच द्यायचं. कागदाबाहेरचा रुग्ण असेल तर हात लावायचा नाही. कोकणातल्या उपकेंद्राला हवं आहे ते हे. चिठ्ठी लिहिण्याचा सरसकट अधिकार आज दिला तर तो दोन महिन्यांत गावच्या दबावाखाली अँटिबायोटिक आणि सलाइन वाटण्याचा अधिकार होईल.

एक उदाहरण तर आपल्याच मातीतलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाब उतरवणारं औषध वापरलं, १९८० च्या दशकात ते ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी गंभीर दंशातले ४० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या जवळ आलं. औषध गोळीच्या रूपात, स्वस्त, फ्रिज लागत नाही. अडचण वेळेची आहे. जांभ्याच्या गडग्यात किंवा लाकडांच्या रचलेल्या ढिगात हात घातला, विंचू चावला, तर फुप्फुसात पाणी भरायच्या आत गोळी पोटात जायला हवी. वाडीवरून ग्रामीण रुग्णालयापर्यंत जाण्यातच ते तास निघून जातात.

म्हणून ही गोळी उपकेंद्रातच, सिस्टरच्या स्वतःच्या अधिकारात हवी. तिच्यासाठीचा कागद असा काहीसा होईल. फक्त दंशाच्या जागी दुखत असेल तर प्राझोसिन नाही. पॅरासिटामॉल आणि निरीक्षण. घाम सुटला, हातपाय गार पडले, लाळ गळते, उलट्या होतात, मुलग्याच्या लिंगाला ताठरपणा आला, नाडी जोरात चालली, यांतली लक्षणं दिसली तर मोठ्या माणसाला ५०० मायक्रोग्रॅम, लहान मुलाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा, पण दुसरा डोस वाटेत किंवा रुग्णालयात, कारण पहिला दिला की १०८ ला फोन लावलेला असायला हवा.

चुका होतात त्या अशा. पहिल्या डोसानंतर रक्तदाब खाली येतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. लघवीला उठवलं किंवा मुलाला आईने खांद्यावर उभं धरलं की ते गपकन कोसळतं. घामाने आणि उलट्यांनी पाणी गेलेलं असतं, त्यामुळे पिता येत असेल तर ओआरएस चालू ठेवायचं. आणि सर्वांत फसवी चूक दुकानातली आहे: प्राझोसिनच्या सावकाश विरघळणाऱ्या, अडीच किंवा पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात. त्या या कामाच्या नाहीत. त्या तोडून किंवा चुरून द्यायच्या नसतात. साधी एक मिलिग्रॅमची, मधोमध रेघ असलेली गोळीच लागते, आणि खरेदीच्या यादीत तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

फुरशाच्या चाव्याचं मात्र मी या यादीत घालणार नाही. विषप्रतिबंधक लस दहा-दहा व्हायल शिरेतून द्यावी लागते, आणि तिची अ‍ॅलर्जी आली तर अ‍ॅड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम स्नायूत देऊन श्वास सांभाळणारं माणूस शेजारी हवं. सिस्टरने करायचं ते वीस मिनिटांचं रक्त गोठण्याचं परीक्षण: काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग आडवी करून बघायची. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर उत्तर खोटं येतं.

रक्तदाबाचं काम वेगळ्या जातीचं आहे, तिथे घाई नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी कार्यक्रम महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत आधी आला त्यांत सिंधुदुर्ग होता. पहिली पायरी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्याने दाब मोजायचा, आटोक्यात नसेल तर ठरलेली पुढची पायरी. महिन्याच्या गोळ्या समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ उपकेंद्रातच देतात. त्यांच्यात बीएस्सी नर्सिंग झालेले पुष्कळ आहेत. चार वर्षांची पदवी, ब्रिटनच्या नर्सपेक्षा एक वर्ष जास्त. पण पायरी बदलायची तर डॉक्टरची चिठ्ठी हवी. मग म्हातारी १५० वरच्या दाबावर तीच गोळी महिनोन्‌महिने घेत राहते, कारण आरोग्य केंद्रात जायचं म्हणजे एक एसटी चुकली की दिवस गेला. ही एक पायरी चढवायचा अधिकार सीएचओला द्यावा. अटी लिहूनच: चढ चढून आलेल्या माणसाचा दाब पाच मिनिटं बसवून मगच मोजायचा, दोनदा, अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते ती मूत्रपिंडाची समजू नये, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं औषध लिहायचं नाही, ते गर्भाला घातक आहे. हा शेवटचा मुद्दा बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरला सांगावा लागत नाही, पण कागदावर असू द्यावा.

लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप टाळण्यासाठी वाटली जाणारी डॉक्सीसायक्लिनची आठवड्याची २०० मिलिग्रॅमची मात्रा याच पठडीतली. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं वगळायची, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यायला सांगायचं आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते.

डॉक्टरांच्या विरोधात तथ्य आहे, पण ते भलत्याच ठिकाणी शोधलं जातं. ऑक्सिटोसिनच घ्या. बाळ बाहेर आल्यावर ते रक्तस्राव थांबवतं. बाळ आत असताना कळा वाढवण्यासाठी तेच सुईने टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. अँप्युल एकच. आपल्याकडे ते बाळंतपणाआधी टोचलं जातं, आणि टोचणाऱ्यांत पदवीवालेही असतात. म्हणून औषधाबरोबर वेळही कागदावर बांधायला हवी. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जुलैत तीन दिवस वीज गेलेल्या फ्रिजमधलं ऑक्सिटोसिन टोचून बाई रक्ताने भिजली तर दोष सिस्टरचा मानला जातो, फ्रिजच्या तापमानाची नोंदवही कुणी उघडत नाही.

ब्रिटननेही सगळं सोडवलंय असं नाही. तिथे ‘फिजिशियन असोसिएट’ नावाचा दोन वर्षांचा कोर्स केलेला वर्ग दवाखान्यांत आला, लोक त्यांना डॉक्टर समजू लागले, आणि २०२५ मध्ये सरकारी आढाव्याने त्यांचं नाव बदलायला सांगितलं. त्यांना औषध लिहायची परवानगी आजही नाही. कोर्स किती वर्षांचा हा तिथला निकष नाही. नोंदणी कुठे आहे, चुकल्यावर ती काढून घेणारं कोण आहे, हे आधी पाहिलं जातं. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने १९४७ ची परिचर्या परिषद जाऊन राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग यायचा आहे. मिडवाइफरीसाठी १८ महिन्यांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रम २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. नोंदणीवर शेरा मारायची जागा या चौकटीत करता येईल, नवा संवर्ग शोधायची गरज नाही.

राहिल्या स्वतः सिस्टर. अधिकार हवा का, हे त्यांना विचारल्याशिवाय हा सगळा लेख पोकळ आहे, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचं उत्तर ‘नको’ असेल. कंत्राटी नोकरी, चुकलं तर वकील स्वतःचा, जबाबदारी वाढली तरी पगार तोच. ब्रिटनमध्ये नर्सच्या चुकीची भरपाई संस्था उचलते. आणि तिथे नर्स नाही म्हणू शकते: हा रुग्ण माझ्या कुवतीबाहेरचा, मी लिहिणार नाही. इकडे ‘सुई मारा हो सिस्टर, गोळीने काय होतंय’ म्हणणाऱ्याला, त्यातून तो सरपंचांचा भाऊ असला तर, नाही म्हणणं तिला परवडत नाही. तिची यादी सहीशिक्क्यासह, मराठीत, मोठ्या अक्षरांत उपकेंद्राच्या भिंतीवर लावली तर यादीत नसलेलं मागणाऱ्याला ती बोट दाखवू शकेल. भरपाईची हमी शासन निर्णयात लिहून येईपर्यंत मात्र कुणीही तिच्याकडून त्या कागदावर सही घेऊ नये.